गुरुवारी केलेली गाणी

आमच्या मुलीच्या बँडचा दुसरा अल्बम आला तेव्हा त्याच्यावर तीन-चार ठिकाणी लिहून आलं. बाकी सगळं इंग्रजीत, एक तेवढं मराठीत. इंग्रजीतलं मुलीनं मला सोपं करून सांगितलं, म्हणजे त्यातलं बोचरं वगळून सांगितलं असणार. मराठीतलं मात्र माझं मी वाचलं. मी सातवीपर्यंतच शिकलेली. पुढचं वाचन आमच्या कारखान्याच्या गाळ्यात झालं. माल गुंडाळायला रद्दी यायची, ती आधी मी वाचायची आणि मग त्यात वॉशर गुंडाळले जायचे. आमचे हे ओरडायचे, ‘अगं, गाडी खोळंबलीय, तुझी गोष्ट संपली का?’ तर असं वाचायला शिकले, आणि या वयात वाचायला काय मिळालं, तर ते.

आधी हे संगीत काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्याला म्हणतात शूगेझ. बुटांकडं बघणारे. गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी लहान लहान डब्या मांडलेल्या असतात. पायानं दाबलं की गिटारीचा आवाज लांबतो, फाटतो, घुमत राहतो. त्या डब्या सांभाळण्यात मान वर म्हणून होत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, ‘अरे, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलगी बसवावी तसे काय माना खाली घालून उभे? पोहे आणू का?’ गाणारी असते, पण तिचा आवाज गिटारींच्या आत. नळ पूर्ण सोडून बाथरूममध्ये कुणी गुणगुणावं तसा. गातंय एवढं कळतं, काय गातंय ते नाही. आणि तेच त्यातलं सुख म्हणे. आमची मुलगी गाते आणि एक गिटार वाजवते. दुसरा गिटारवाला भोसरीतलाच, त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे. ड्रम वाजवणारा चऱ्होलीचा, तिथल्या जुन्या घरातला.

आमचं घर भोसरीत, एमआयडीसीला लागून. खाली गाळा, वर आम्ही. यांच्या गाळ्यात पॉवर प्रेस होत्या. जन्मभर पत्र्यातून वॉशर आणि क्लॅम्प काढले आणि त्यातच कान गेले. कापसाचे बोळे घालायचे, तेही आठवलं तर. पुढं प्रेस विकल्या, गाळा रिकामा झाला, तेव्हा मुलगी म्हणाली, ‘भाड्यानं देऊ नका, आम्ही इथं वाजवतो.’ शेजारच्या गाळ्यात अजून प्रेस चालते. मधली भिंत एकच.

पहिला अल्बम त्यांनी तिथंच केला, कामाच्या दिवसांत, ज्याला जशी शिफ्टमधून सवड मिळेल तसा. शेजारची प्रेस धाड धाड चालू. तो ठोका माइकात शिरायचाच. काढून टाकायला बघत होती ही मंडळी, पण आमचा भाडेकरू म्हणाला, ‘राहू द्या. हाच तर तुमचा आवाज आहे.’ राहू दिला. आणि काय सांगू, लिहिणाऱ्यांनी तो ठोकाच डोक्यावर घेतला! औद्योगिक पट्ट्याच्या छातीतली धडधड काय, पोलादाचा श्वास काय. मी शेजारच्या प्रेसवाल्याला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला. म्हणाला, ‘काकू, मी बिजागऱ्यांची ऑर्डर काढत होतो हो. माझं पण नाव टाकायला सांगा. गिटार, ड्रम आणि बिजागरी!’

हा भाडेकरू म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहणारा मुलगा. मुलगा म्हणते, तिशी ओलांडलेली. लातूरकडचा. आधी चाकणला कंपनीत होता, मग ती सोडून आयटीत लिहिण्याचं काम धरलं. आणि स्वतःच्या हौसेनं इंटरनेटवर संगीताबद्दल मराठीत लिहायचा. या संगीतावर मराठीत लिहिणारा तो एकटाच असेल, पण वाचणारे पुष्कळ. मेसचा डबा आला की आधी माझ्यापुढं उघडायचा. ‘काकू, ओळखा, ही कशाची भाजी?’ मी म्हणायची, ‘पाण्याची.’ मग बसायचा आमच्याच ताटाला. डेंग्यू झाला तेव्हा यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि त्याची आई गावाहून येईपर्यंत उशाशी बसून राहिले. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तो घरचा होता, एवढं कळावं म्हणून सांगते.

आता दुसऱ्या अल्बमचं. यांना कानाचं मशीन लावलं होतं, पण मशीननं आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही. ‘कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, शब्द वाळूसारखे गळून जातात,’ हे म्हणायचे. पहिल्या अल्बमचं एवढं कौतुक झालं, पेढे वाटले, आणि बापाला त्यातलं मुलीचं एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. ठोका मात्र ऐकू यायचा. हे म्हणायचे, ‘माझ्या मुलीच्या गाण्यात मला प्रेसच ऐकू येते. तिच्यापासून सुटावं म्हणून विकली, तर ती इथं येऊन बसली.’ गंमत म्हणून म्हणायचे, पण मुलीच्या मनाला ते लागलं.

ती कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन बसली. बाबांना कुठले आवाज उरलेत, कुठले गेले, ते नीट विचारून घेतलं. बारीक, टोकदार आवाज गेलेले, खालचे भरदार आवाज अजून शिल्लक. मग हिनं स्वतःची पट्टी खाली आणली. शब्द मोकळे म्हणायला शिकली. गिटारी होत्याच, पण गर्दीत म्हाताऱ्या माणसाला वाट करून द्यावी तशा बाजूला सरकवल्या. आणि सगळं गुरुवारी.

आमच्याकडं गुरुवारी एमआयडीसी बंद. लोकांचा रविवार, तो आमचा गुरुवार. लग्नाची बोलणी, डोहाळजेवण, घराचा रंग, सगळं गुरुवारी. त्या दिवशी अशी शांतता असते की नवीन माणूस विचारतो, काय झालंय का? शेजारची प्रेस चालू असली की यांना मशीन कानात सहनच व्हायचं नाही, ठोका डोक्यात जायचा. म्हणून मुलीनं, ती चाकणला नोकरीला, तिथल्या कंपनीत सुट्टी बदलून घेतली, दोघा मुलांनी आपापलं जमवलं, आणि दर गुरुवारी गाळ्यात बसून एकेक गाणं केलं. गाणं झालं की पहिलं यांना ऐकवायचं. यांना कळलं तर ठेवायचं, नाही कळलं तर पुन्हा.

पहिल्या गाण्याच्या वेळी मी तिथंच होते, भाडेकरूही होता. हे स्टुलावर बसलेले, एक हात कानामागं. गाणं सुरू झालं आणि मध्येच यांनी हात वर केला. आम्हाला वाटलं, त्रास होतोय. तर म्हणाले, ‘आत्ता चप्पल म्हणालीस का तू?’

मुलगी म्हणाली, ‘हो बाबा.’

‘दारातली चप्पल?’

‘दारातली.’

‘माझी?’

‘मग कुणाची?’

हे स्टुलावरून उठले आणि गाळ्यात एक चक्कर मारून आले, जशी प्रेस बंद केल्यावर मारायचे. चऱ्होलीवाला म्हणाला, ‘काका, पुढं पण ऐका की, अजून लई हाय.’ भाडेकरू भिंतीकडं तोंड करून उभा होता. बराच वेळ वळला नाही तो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून पुढचं जास्त लागलं.

अल्बम आला. तोवर भाडेकरू पिंपळे गुरवला राहायला गेला होता, ऑफिस जवळ पडतं म्हणून. यांचा रोजचा नेम ठरला. अंघोळ झाली की गॅलरीत खुर्ची, फोन मशीनला जोडायचा आणि सगळा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. चहा गार व्हायचा. मी म्हणायची, ‘अहो, पाठ झाला असेल आता.’ तर म्हणायचे, ‘पाठ व्हायला ऐकत नाही. ऐकू येतंय म्हणून ऐकतो.’

इंग्रजीवाल्यांनी लिहिलं, चांगलं आहे पण पहिल्याची जादू नाही. एकानं लिहिलं, फार सभ्य झालंय. असो, ते परके. त्यांना यातलं काय ठाऊक?

मग मराठीतलं आलं. मी भाजी निवडत होते, हातातली शेंग खाली ठेवली आणि वाचायला बसले, कौतुकानं. त्यानं लिहिलं होतं, ज्या बँडनं आपल्याला भोसरीचा ठोका ऐकवला, त्यानं आता यंत्रं बंद करून दुकान उघडलंय. पुढं होतं, आवाज असा पुढं आणण्यामागं कलेचं कारण दिसत नाही, बाजाराचं दिसतं. आता ही गाणी कुणाच्याही गाडीत वाजू शकतील, आणि तीच इच्छा असावी. असंच खालपर्यंत. भाषा छान हो, त्याचा हात चांगलाच आहे. मी पुन्हा वर जाऊन नाव बघितलं, दुसऱ्या कुणाचं आहे का म्हणून. त्याचंच होतं.

यांनी विचारलं, ‘काय लिहितोय आपला माणूस?’

मी म्हणाले, ‘त्याला भेटूनच येते.’

पिंपळे गुरवला गेले. बस बदलून, पुढं शेअर रिक्षा. दार उघडल्यावर ‘काकू!’ म्हणून वाकला, खुर्ची पुढं केली, चहाला ठेवलं. आलं किसून घातलं, माझ्याच पद्धतीनं. मी म्हणाले, ‘चहा राहू दे. बस इथं.’

बसला.

‘तुला आवडला नाही अल्बम, तर आवडला नाही लिही. माझी त्याला ना नाही. सगळ्यांना सगळं आवडायला ते काय लग्नाचं जेवण आहे?’

‘तसं नाही काकू...’

‘पण बाजार कुठून आणलास? त्या गुरुवारी तू होतास ना तिथं?’

तो म्हणाला, ‘काकू, घरातलं कारण मला माहीत आहे म्हणून ते मी लिहायचं का? ऐकणाऱ्याला ते माहीत नसतं. मी ते लिहिलं असतं तर लोकांनी दया म्हणून ऐकलं असतं. समीक्षा झाली नसती ती.’

हे मला पटलं, खरंच पटलं. मी म्हणाले, ‘नको ना लिहू. घरातलं घरात ठेवलंस, बरं केलंस. पण मग कारणाची जागा रिकामी सोडायची होती. खरं माहीत असताना खोटं का भरलंस तिथं?’

चहा उतू जायला लागला तेव्हा त्यानं उठून गॅस बंद केला. मग पाठमोराच म्हणाला, ‘तो ठोका मी ठेवायला लावला होता. पहिल्याचं जे नाव झालं ते त्याच्यामुळं झालं. तो काढताना मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही.’

‘अरे, ज्याच्या कानाला ठोका सोसत नव्हता त्याच्यासाठी काढला.’

‘माहीत आहे काकू. सगळं माहीत आहे. पण लिहायला बसल्यावर ते आठवलं नाही, हे आठवलं.’

मग मी उठलेच. जिन्यापर्यंत आला, ‘काकू, लेख मागं घेऊ का?’ मी म्हणाले, ‘वाचलेलं कुठं मागं घेता येतं?’ रिक्षात बसल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसता राग येत होता, आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर त्यानं चहात आलं घातलं होतं त्याचा.

मला वाटलं, झालं एवढंच. पण एकानं लिहिलं की दुसरा तेच लिहितो, आणि लिहिलेलं वाचून लोक तसंच ऐकायला लागतात. पुण्यातल्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तर म्हणे पहिलाच अल्बम वाजवा. चऱ्होलीवाला एकदा भर दुपारी येऊन बसला. ‘काकू, समदे म्हणत्यात पैलंच भारी व्हतं. आन् खरं सांगू का, आमाला बी आता तसंच वाटाया लागलंय.’

मी म्हणाले, ‘तुला आधी काय वाटत होतं?’

‘आधी हेच भारी वाटत व्हतं.’

‘मग मधे काय बदललं? गाणी तर तीच आहेत.’

डोकं खाजवलं त्यानं. ‘त्येच कळंना झालंय, काकू.’

भोळा आहे तो. त्याचा राग नाही मला.

नंतर थोड्या दिवसांनी सकाळी हे गॅलरीत बसले होते. मी आत होते. बराच वेळ काही हालचाल नाही, म्हणून डोकावले. यांनी मशीन कानातून काढलेलं, उन्हात धरून बघत होते. सेल बदलला, पुन्हा लावलं. फोन बंद करून चालू केला. मग मशीन मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले.

‘काय झालं?’

‘संपलं बहुतेक,’ म्हणाले. ‘ती ऐकूच येत नाही आज. धडधड ऐकू येते नुसती.’

मी फोन माझ्या कानाला लावला. गाणं तेच, पण गिटारी भिंतीसारख्या उभ्या, त्यांच्या मागं प्रेसचा ठोका, आणि मुलगी कुठंतरी आत, तळाशी. मला लगेच कळलं. अल्बम बदलून टाकला होता या पोरांनी. इंटरनेटवरून जुना काढून त्याच जागी हा नव्यानं केलेला चढवला होता, आम्हाला न सांगता.

मी यांना सांगितलं, ओरडून सांगितलं. ‘अहो, तुमचे कान ठीक आहेत! गाणं बदललंय!’

यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘राहू दे. मला समजवू नकोस. कान कधीतरी जाणारच होते.’

आता याला काय म्हणावं? माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण मुलगी असं करेल यावर विश्वास बसण्यापेक्षा कान गेले हे मान्य करणं त्यांना सोपं वाटलं. चार दिवस घरात ते खुणेनं बोलायला लागले, जसे काही पूर्ण बहिरे झाले. शेवटी मी धरून कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘काका, मागच्या वेळेइतकंच आहे. काहीही फरक नाही.’ कुणालाही आनंद व्हावा असं ते बोलणं. यांचा चेहरा उतरला. घरी जिना चढताना म्हणाले, ‘म्हणजे तू म्हणत होतीस ते खरं.’

मुलगी आता चाकणलाच राहते, ती त्या आठवड्यात आली. बाप गॅलरीत, ती दारात. मीच विचारलं, कारण यांच्याच्यानं विचारवेना.

ती म्हणाली, ‘आई, तिघांचा बँड आहे. ते दोघं एका बाजूला झाले.’

‘आणि तू?’

‘मी किती दिवस एकटी भांडू? जो तो तेच लिहीत होता, तेच बोलत होता. शेवटी मला माझा आवाज खरंच उघडा वाटायला लागला. लाज वाटायला लागली.’

‘सांगायचं होतंस तरी.’

‘हिंमत झाली नाही.’ मग बापाजवळ गेली, खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांना समजेल असं तोंडासमोर तोंड आणून मोकळ्या शब्दांत म्हणाली, ‘बाबा, जुना आहे माझ्याकडं. लॅपटॉपमध्ये आहे सगळा. तुमच्या फोनमध्ये घालून देते. तो तुमचा. कुणी बदलणार नाही.’

मला वाटलं, चला, सुटलं. पण यांनी मान हलवली.

‘नको.’

‘का पण?’

‘मला वेगळं ताट नको,’ हे म्हणाले. ‘आजवर सगळं मला वेगळंच मिळालं. घरात सगळे हसतात, मग मला कुणीतरी मोठ्यानं तो विनोद पुन्हा सांगतं. लग्नात मंगलाष्टका झाल्या की खुणेनं सांगतात, अक्षता टाका. हा अल्बम ऐकताना पहिल्यांदा असं झालं, की जे सगळं गाव ऐकतंय तेच मी ऐकतोय. त्याच वेळी. माझ्यासाठी म्हणून लपवून ठेवलेलं गाणं घेऊन मी काय करू?’

ती रडली. यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जेवून जा म्हणाले. जेवली. जाताना लॅपटॉपची बॅग तशीच खांद्याला लावून गेली. आता गॅलरीत सकाळी हे पेपर वाचतात. ती येते, बोलते, हे बोलतात. पण कामाचं कसं चाललंय, चाकणचा रस्ता कसा आहे, असं. गाण्याचं कुणी काढत नाही.

मागच्या आठवड्यात पिंपळे गुरवहून फोन आला. इतक्या दिवसांनी. ‘काकू, नवीन लेख वाचला का? बदललेल्या अल्बमवर लिहिलंय. खूप चांगलं लिहिलंय मी.’

‘वाचला,’ मी म्हणाले.

‘बँड परत आला, असं म्हटलंय.’

‘वाचलं रे.’

‘मग? राग गेला ना आता?’

मी म्हणाले, ‘तुझ्या काकांना मोठ्यानं वाचून दाखवला सगळा. अगदी शब्दन् शब्द ऐकू आला त्यांना. म्हणाले, छान लिहितो.’

मग म्हणाला, ‘काकांना भेटायला येऊ का?’

‘ये की,’ मी म्हणाले. ‘घर काही तुला नवीन नाही.’

अजून आलेला नाही. आला तर चहा करीन, जेवायलाही वाढीन, तेवढं मला चुकायचं नाही. पण त्यानं पुन्हा काही लिहिलं तर ते वाचायला मला सांगू नका. कौतुकाचं असलं तरी नको.